ताण, स्पाइन आणि केटामाइन: आधी काय होतं, नंतर काय होतं

निशिगंध

केटामाइन या भुलीच्या औषधावर मराठीत हल्ली बरंच लिहून येतं. बहुतेक ठिकाणी सांगितलेलं असतं की औषधाने मेंदूत काही तासांत नवे सिनॅप्स, म्हणजे पेशींमधले जोड, तयार होतात आणि त्यामुळे डिप्रेशन उतरतं. प्रयोगांत दिसलेला क्रम असा नाही. फरक जाणवतो तो पहिल्या दोन-चार तासांत, आणि नवे स्पाइन (ज्यांच्यावर हे जोड बसतात ते पेशीच्या फांद्यांवरचे उंचवटे) दिसायला लागतात ते बारा तासांच्या पुढे. मग स्पाइनचं काम काय? आलेला फरक टिकवणं. औषध दिल्यानंतरचा आठवडा कसा वापरायचा हे या क्रमावर ठरतं, म्हणून धागा काढतेय.

सुरुवात ताणापासून करते. रॅटला रोज सहा तास अरुंद नळीत अडकवून ठेवायचं, असं २१ दिवस. मीडियल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स (कपाळामागचा, विचार आवरणारा भाग) इथल्या पिरॅमिडल पेशींच्या, म्हणजे तिथल्या मुख्य उत्तेजक पेशींच्या, वरच्या अंगाच्या डेंड्राइट (संदेश घेणाऱ्या फांद्या) यात आखडतात. रॅडली आणि सहकाऱ्यांच्या २००४ च्या मोजणीत एकूण लांबी सुमारे २० टक्क्यांनी कमी भरली. त्याच पेशींच्या बुडाकडच्या डेंड्राइटना फारसा धक्का नव्हता. आठवणींशी निगडित हिप्पोकॅम्पसच्या सीए३ भागातलं असंच आखडणं रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅक्युअन यांच्या गटाने १९९२ मध्येच दाखवलं होतं.

पण "ताणाने मेंदूच्या पेशी आक्रसतात" हे सरसकट विधान करू नका. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवलं की ज्या ताणाने सीए३ मधल्या डेंड्राइट आखडतात, त्याच ताणाने अमिग्डाला या धोका हेरणाऱ्या भागातल्या डेंड्राइट वाढतात, फांद्याही जास्त फुटतात. त्यांच्याच २००४ च्या कामात पुढचा भाग आला: ताण थांबवून २१ दिवस विश्रांती दिली तर सीए३ पूर्वपदावर येतो, अमिग्डाला येत नाही आणि प्राण्यातली भीतीही जात नाही. म्हणजे विचार आवरणारा भाग दुबळा होतो आणि धोका हेरणारा भाग बळावतो. "जोड वाढवणारं औषध" एवढंच वर्णन अपुरं आहे ते याचमुळे. कुठले जोड, हे सांगावंच लागतं.

स्पाइन म्हणजे डेंड्राइटवरचा साधारण एक मायक्रॉनचा उंचवटा, बारीक मान आणि तिच्यावर डोकं. उत्तेजक सिनॅप्स बहुतांश या डोक्यांवर असतात. ताणात आधी जातात ते सडपातळ, कोवळे स्पाइन. जाड डोक्याचे जुने स्पाइन जास्त तग धरतात.

माणसात थेट पुरावा कमी आहे. मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत, डिप्रेशन असलेल्यांच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये सिनॅप्सशी संबंधित जनुकांचं काम मंदावलेलं आढळलं (२०१२, अमेरिकेतलं येल विद्यापीठ). २०१९ मध्ये जिवंत माणसांत एसव्ही२ए या सिनॅप्समधल्या प्रथिनाला चिकटणारा ट्रेसर (स्कॅनवर दिसणारा किरणोत्सर्गी पदार्थ) देऊन पेट (PET) स्कॅन केले गेले. लक्षणं जितकी तीव्र, तितकी सिनॅप्सची घनता कमी, असं त्यात दिसलं.

समुपदेशक_सांगली

निशिगंधताई, छान सुरुवात. दोन शंका आहेत. उंदराला "डिप्रेशन" आहे हे ठरवतात कसं? आणि नेहमीच्या गोळ्यांना तीन-चार आठवडे लागतात, तर या औषधाला तास कसे पुरतात?

पिपेट

पहिल्या शंकेचं उत्तर मी देतो.

उंदराला डिप्रेशन आहे असं जबाबदार लॅब म्हणत नाही. ताणाने बदललेली ठराविक वागणूक मोजतात. सगळ्यात वापरातली पद्धत म्हणजे अनियमित ताण: किमान तीन आठवडे, रोज एक-दोन त्रास. पिंजरा ४५ अंशांत तिरका ठेवणं, भुसा ओला करणं, रात्रभर दिवा चालू, काही तास थंड खोली, पिंजऱ्यात गर्दी, अन्न किंवा पाणी काही तास बंद. यात सगळ्यात जास्त वेळा बिघडतं ते वेळापत्रक. सोमवारी तिरका पिंजरा, मंगळवारी ओला भुसा, असा ठरलेला क्रम लागला की प्राणी सरावतो आणि तिसऱ्या आठवड्यात गटांत काही फरकच उरत नाही. क्रम आणि वेळ दोन्ही रँडम हवेत.

मग साखरपाण्याची चाचणी. एक बाटली साधं पाणी, एक बाटली १ टक्का सुक्रोज. आधी दोन दिवस सवय होऊ द्यायची, मग किती प्यायलं ते वजनाने मोजायचं. निम्म्या वेळेनंतर बाटल्यांच्या जागा बदलल्या नाहीत तर प्राण्याची उजव्या-डाव्या बाजूची आवडच मोजली जाते. गळकी बूच हा दुसरा शत्रू. रिकाम्या पिंजऱ्यावर तशाच दोन बाटल्या लावून गळती किती ते वजा करायचं असतं.

पोहण्याची किंवा शेपटीने टांगण्याची चाचणी लोकप्रिय आहे कारण सहा मिनिटांत आटोपते. तिच्यावर एकटीवर निष्कर्ष टाकू नये. प्राणी हलला नाही याचा अर्थ तो हताश आहे असा होतोच असं नाही, शक्ती वाचवत असेल. उलट औषधाने नुसती धावपळ वाढली तरी ते "बरं वाटणं" म्हणून नोंदलं जातं. म्हणून मोकळ्या मैदानातली हालचाल सोबत मोजायचीच.

स्पाइन मोजण्याबद्दलही सांगतो, कारण या विषयातले आकडे तिथून येतात. गोल्जी-कॉक्स पद्धतीत मेंदू पोटॅशियम डायक्रोमेट, मर्क्युरिक क्लोराइड आणि पोटॅशियम क्रोमेटच्या द्रावणात अंधारात साधारण दोन आठवडे ठेवतात. पहिल्या एक-दोन दिवसांत द्रावण एकदा बदलायचं. धातूचा चिमटा बुडवायचा नाही, काच किंवा प्लॅस्टिकच वापरायचं, कारण पारा धातूशी लगेच अभिक्रिया करतो. मग ३० टक्के सुक्रोज आणि १०० ते २०० मायक्रॉनचे काप. मोजणाऱ्याला कुठला काप कुठल्या गटाचा हे माहीत नसलं पाहिजे. डेंड्राइट जाड असेल तर मागच्या बाजूचे स्पाइन दिसतच नाहीत, त्यामुळे दोन्ही गटांत सारख्याच जाडीचे तुकडे निवडावे लागतात.

सर्वात मोठी चूक मात्र गणितात होते. सहा प्राणी, प्रत्येकी दहा पेशी, की लगेच "एन (नमुन्यांची संख्या) बरोबर ६०" लिहिलं जातं. एन इथे सहाच आहे. ही एक गोष्ट तपासली तरी कितीतरी "ठळक" निष्कर्ष विरघळतात.

तळटीप

आता दुसरी शंका.

ग्लुटामेट हे पेशींना उत्तेजित करणारं रसायन, आणि रिसेप्टर म्हणजे असं रसायन पकडणारं पेशीवरचं प्रथिन. केटामाइन हे एनएमडीए या ग्लुटामेट रिसेप्टरच्या मधल्या छिद्रात जाऊन अडकतं. ज्या पेशी सतत चालू असतात त्यांचे रिसेप्टर जास्त वेळा उघडे असतात, म्हणून त्यांच्यावर परिणाम आधी. कॉर्टेक्समधल्या गाबा (पेशींना शांत करणारं रसायन) सोडणाऱ्या, वेगाने पेटणाऱ्या इंटरन्यूरॉन या गटात मोडतात. त्यांचा आवाज बसला की पिरॅमिडल पेशींवरचा लगाम सुटतो आणि थोडा वेळ ग्लुटामेट जोरात वाहतं. ते एएमपीए या दुसऱ्या ग्लुटामेट रिसेप्टरवर काम करतं, पेशी बीडीएनएफ हे वाढीला मदत करणारं प्रथिन सोडते, ते ट्रकबी रिसेप्टरला चिकटतं, आत एमटॉर हा प्रथिनं बनवण्याचा मार्ग जागा होतो, आणि सिनॅप्सला लागणारी जीएलयूए१ आणि पीएसडी-९५ ही प्रथिनं तिथल्या तिथे तयार होतात. येलमध्ये रोनाल्ड डुमन आणि जॉर्ज अगाजानियन यांच्या गटाने २०१० मध्ये 'सायन्स'मध्ये ही साखळी मांडली. २०११ मध्ये त्याच गटाने २१ दिवसांच्या अनियमित ताणाने घटलेले स्पाइन आणि प्रथिनं एका इंजेक्शनने भरून येतात हे दाखवलं.

डोसकडे लक्ष द्या. त्या प्रयोगांत रॅटला १० मिग्रॅ प्रति किलो दिलं तर एमटॉर जागा झाला. ८० मिग्रॅ प्रति किलो, म्हणजे भुलीचा डोस दिला, तर झाला नाही. जास्त औषध म्हणजे जास्त फायदा, हे गणित इथे चालत नाही.

दुसरा मार्ग लिसा मॉन्टेजिया आणि एगे कवलाली यांच्या गटाने २०११ मध्ये 'नेचर'मध्ये मांडला. पेशी शांत असतानाही थेंब थेंब ग्लुटामेट गळत असतं. एनएमडीए रिसेप्टर बंद झाला की त्या गळतीचा संदेश थांबतो, ईईएफ२ कायनेझ हे प्रथिनं बनवणं अडवणारं एन्झाइम मंदावतं आणि बीडीएनएफ बनवण्यावरची अडवणूक उठते. या मार्गाला ग्लुटामेटचा लोंढा लागतच नाही.

तिसरा, २०१६ मधला: केटामाइनचं शरीरात जे हायड्रॉक्सीनॉरकेटामाइन होतं तेच, एनएमडीएला फारसा हात न लावता, एएमपीएमार्फत काम करतं, असा टॉड गोल्ड यांच्या गटाचा दावा. चौथा लॅटरल हॅबेन्युलाचा. चीनमध्ये झेजियांग विद्यापीठात हू हायलान यांच्या गटाने २०१८ मध्ये दाखवलं की हताश झालेल्या प्राण्यांत या छोट्या केंद्रातल्या पेशी झुंडीने, एकामागोमाग पेटतात, आणि केटामाइन ते तासाभरात थांबवतं. त्यांचंच २०२३ चं काम आणखी लक्षवेधी आहे. उंदराच्या शरीरात केटामाइनचं अर्धायुष्य जेमतेम १३ मिनिटं, तरी हॅबेन्युलातल्या रिसेप्टरच्या छिद्रात ते इतकं घट्ट अडकून बसतं की अडवणूक २४ तासांपर्यंत टिकते.

नेहमीच्या गोळ्यांना उशीर का, यावर हेलसिंकीच्या एरो कास्ट्रेन यांच्या गटाचं २०२१ चं उत्तर मला सगळ्यात जास्त पटतं. फ्लुऑक्सेटिन ही नेहमीची गोळीही ट्रकबीलाच चिकटतं, केटामाइनही. फ्लुऑक्सेटिनची पकड ढिली असते, आणि पुरेसं औषध मेंदूत साठायला वेळ लागतो.

निशिगंध

तळटीप, चारही मार्ग एका जागी मांडलेत, उत्तम. मुंबईच्या वाचकांसाठी एक जोड: टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था) ताण आणि सिरोटोनिन रिसेप्टरवर काम करणाऱ्या विदिता वैद्य यांनी पीएचडी डुमन यांच्याच प्रयोगशाळेत केली. ताणाने हिप्पोकॅम्पसमधलं बीडीएनएफ कसं बदलतं, हा त्यांच्या सुरुवातीच्या कामाचा गाभा.

आता ज्या प्रयोगासाठी धागा काढला तो. कॉनर लिस्टन यांच्या गटाचा, 'सायन्स', २०१९. उंदराच्या मेंदूत सूक्ष्म लोलक बसवून प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये आडवं डोकावायची सोय केली. मग टू-फोटॉन सूक्ष्मदर्शकाने तीच डेंड्राइट पुन्हा पुन्हा टिपली: ताणाआधी, २१ दिवस कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक दिल्यावर आणि केटामाइननंतर. गोल्जीमध्ये एक प्राणी एकदाच बघता येतो. इथे एकेक स्पाइन नावानिशी ओळखता येतो.

ताणाने गेलेले स्पाइन विखरून गेले नव्हते, डेंड्राइटच्या ठराविक पट्ट्यांत एकत्र गेले होते. केटामाइननंतर त्यांतले साधारण निम्मे परत आले, तेही मूळ जागी किंवा तिथून एक-दोन मायक्रॉनवर. पेशींचे गट एकत्र पेटायला लागले आणि प्राण्याची वागणूक सुधारली ती तीन तासांत. स्पाइन तयार होण्याचा वेग वाढलेला दिसला तो १२ ते २४ तासांच्या टप्प्यात.

पुढची पायरी या प्रयोगाची खरी ताकद. नव्याने बळकट झालेल्या स्पाइनमध्येच जाऊन बसेल असं प्रकाशाने जागं होणारं आरएसी१ प्रथिन पेशींत घातलं. निळा प्रकाश सोडला की तेवढेच नवे स्पाइन कोसळतात, जुने राहतात. असं केल्यावर शेपटीने टांगल्यावर सुटायची धडपड करण्यातली सुधारणा नाहीशी झाली. म्हणजे सुरुवात स्पाइनशिवाय होते, टिकत नाही. आणि हे सगळ्या लक्षणांना लागू नाही, ठराविक वागणुकीपुरतंच.

आकडेमोड

चांगला धागा. पण माणसांवर येताना वेग कमी करा.

पहिलं, रॅपामायसिन. रॅटमध्ये ते एमटॉर बंद करतं आणि केटामाइनचा परिणाम पुसतं. येलनेच २०२० मध्ये २० पेशंटवर हा प्रयोग केला: केटामाइनच्या आधी ६ मिग्रॅ रॅपामायसिन किंवा प्लॅसिबो. २४ तासांनी फरक शून्य. दोन आठवड्यांनी रॅपामायसिन गटात ४१ टक्के जणांना अजून फायदा होता, प्लॅसिबो गटात १३ टक्क्यांना. अपेक्षेच्या नेमकं उलट. अभ्यास छोटा आहे, पण साखळी जशीच्या तशी माणसावर लावता येत नाही एवढं त्यातून नक्की दिसतं.

दुसरं, आंधळेपणा, म्हणजे कोणाला खरं औषध मिळालं हे पेशंटला कळू न देणं. केटामाइन घेतलेल्याला पाच मिनिटांत कळतं की आपल्याला खरं औषध मिळालं. म्हणून २०१३ च्या मरो यांच्या चाचणीत सलाईनऐवजी मिडाझोलाम हे गुंगी आणणारं औषध दिलं. २४ तासांनी केटामाइन गटात ६४ टक्के, मिडाझोलाम गटात २८ टक्के प्रतिसाद. स्टॅनफर्डने २०२३ मध्ये टोक गाठलं. शस्त्रक्रियेसाठी पूर्ण भुलीत असलेल्या ४० डिप्रेशनच्या पेशंटना केटामाइन किंवा प्लॅसिबो दिलं. दोन्ही गट सारखेच सुधारले. याचे दोन अर्थ निघतात. एक, अपेक्षेचा वाटा मोठा आहे. दुसरा, भुलीच्या औषधांनीच केटामाइनची क्रिया दाबली असेल. त्या एका चाचणीतून यांतला एक निवडता येत नाही.

तिसरं, पेट स्कॅन. केटामाइननंतर २४ तासांनी एसव्ही२ए मोजलं तर सगळ्या गटाची सरासरी हलली नाही. ज्यांची घनता मुळात कमी होती त्यांच्यात वाढ दिसली, पण ती विभागणी नंतर केलेली. "स्कॅनवर नवे जोड दिसले" असं कोणी लिहिलं तर मूळ तक्ता मागा.

पिपेट

आकडेमोड यांना जोडून प्राण्यांच्या बाजूचा एक मुद्दा. गोल्ड यांच्या गटाने २०२२ मध्ये दाखवलं की उंदराला इंजेक्शन पुरुषाने दिलं तर केटामाइनचा परिणाम दिसतो, स्त्रीने दिलं तर दिसत नाही. पुरुषाच्या वासाने उंदरात जो ताणाचा सीआरएफ हा संदेश सुरू होतो तो औषधाच्या परिणामात भाग घेतो. त्यामुळे पद्धतीच्या विभागात कोणी टोचलं हे लिहायला हवं. एकाच प्रयोगात टोचणारी व्यक्ती मध्येच बदलली तर दोन गट नकळत चार होतात.

भूलघर

केटामाइन आम्ही रोज वापरतो, म्हणून देण्याच्या बाजूचं लिहितो. हे वाचून घरी काही करण्यासारखं नाही. जिथे ऑक्सिजन, सक्शन, मॉनिटर आणि श्वासमार्ग सांभाळणारा माणूस आहे तिथलीच ही गोष्ट.

येलमध्ये २००० साली सात पेशंटवर पहिली नियंत्रित चाचणी झाली तेव्हापासून डोस तोच आहे: ०.५ मिग्रॅ प्रति किलो, शिरेतून, ४० मिनिटांत. ६० किलोचा पेशंट धरा. ३० मिग्रॅ लागेल. ५० मिग्रॅ प्रति मिली ताकदीच्या ॲम्प्यूलमधून ते ०.६ मिली होतं. ५० मिलीच्या सिरिंजमध्ये नॉर्मल सलाईनने एकूण ५० मिली करायचं आणि पंप ७५ मिली प्रति तासावर लावायचा.

चुका ठरलेल्या आहेत. बाजारात १० मिग्रॅ आणि ५० मिग्रॅ प्रति मिली अशा दोन ताकदी मिळतात. लेबल न वाचता हिशेब केला तर थेट पाचपट फरक पडतो. ३० मिग्रॅच्या जागी १५० मिग्रॅ म्हणजे भुलीच्या डोसपर्यंत पोचलात. दोघांनी वेगवेगळा हिशेब करून ताडून बघावा. दुसरी चूक: पंपाऐवजी ड्रिपच्या चाकावर भरवसा. हात हलला की चाळीस मिनिटांचं औषध दहा मिनिटांत जातं, आणि मग शरीरापासून सुटल्यासारखं वाटणं, मळमळ, बीपी हे सगळं एकदम चढतं. तिसरी: फार जाड पेशंटला प्रत्यक्ष वजनाने डोस देणं. बीएमआय ३० च्या वर असेल तर आदर्श वजनावर हिशेब करण्याकडे कल ठेवावा.

बीपी आधी, मग दर दहा-पंधरा मिनिटांनी, आणि नंतर खाली येईपर्यंत. सुरुवातीलाच १४०/९० च्या वर असेल तर त्या दिवशी थांबायचा विचार करा. नंतर किमान दोन तास निरीक्षण. त्या दिवशी गाडी नाही. रात्रीची झोप झाल्यावर दुसऱ्या दिवशी चालवायची.

सुटल्यासारखं वाटण्याचा जोर साधारण ४० मिनिटांना सर्वात जास्त असतो आणि दीड-दोन तासांत ओसरतो. खोलीत उजेड मंद, मोबाइल बंद, एकच ओळखीचा आवाज. "हे औषधामुळे आहे, थोड्या वेळात जाईल" एवढं शांतपणे सांगितलं की बहुतेकदा पुरतं. लगेच मिडाझोलाम देण्याचा मोह टाळावा.

ओपीडी_सोमवार

भूलघर यांचा शेवटचा मुद्दा मानसोपचाराच्या बाजूनेही महत्त्वाचा. बेन्झोडायझेपाइन (मिडाझोलाम, क्लोनाझेपाम यांसारखी झोपेची-चिंतेची औषधं) नियमित घेणाऱ्यांत केटामाइनचा प्रतिसाद उशिरा आणि कमी दिसतो. तर्कही जुळतो: एकीकडे गाबाचा लगाम सैल करायचा आणि दुसरीकडे गाबालाच जोर द्यायचा. पण म्हणून कोणीही क्लोनाझेपाम स्वतःहून बंद करू नये. एकदम तोडलं तर झटके येऊ शकतात. डॉक्टरच्या देखरेखीखाली, आठवड्यांच्या हिशेबाने उतरवायचं.

नाल्ट्रेक्सोनही विचारा. दारू सोडण्यासाठी ते घेणारे पुष्कळ आहेत. २०१८ च्या स्टॅनफर्डच्या छोट्या चाचणीत आधी ५० मिग्रॅ नाल्ट्रेक्सोन दिल्यावर केटामाइनचा फायदा बहुतेक गेला. छोटा अभ्यास आहे आणि सगळ्यांना तसंच आढळलेलं नाही, तरी माहिती हाताशी असावी.

कोणाला द्यायचं? कमीत कमी दोन औषधं, पुरेशा डोसमध्ये, पुरेसे आठवडे घेऊन फरक नाही, किंवा आत्महत्येचे विचार तीव्र आहेत. पूर्वी सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) झालेला, बीपी आटोक्यात नसलेला, धमनीला फुगवटा असलेला, नशेची सवय असलेला पेशंट असेल तर आधी थांबा. गरोदरपणात टाळतात. वारंवार, मोठ्या डोसमध्ये नशेसाठी घेणाऱ्यांत मूत्राशयाचं अस्तर खराब होतं, म्हणून लांब चालणाऱ्या उपचारात लघवीची जळजळ किंवा वारंवारिता प्रत्येक भेटीत विचारायची.

भारतात केटामाइन भुलीचं औषध म्हणून मान्य आहे. डिप्रेशनसाठीचा वापर लेबलबाहेरचा, म्हणून लेखी संमती सविस्तर हवी. औषध शेड्यूल एक्समध्ये येतं: चिठ्ठी दोन प्रतींत, एक प्रत दुकानदाराने दोन वर्षं जपायची.

अमेरिकेत मार्च २०१९ मध्ये मान्य झालेला एस्केटामाइनचा नाकातला स्प्रे वेगळा आहे. एका नळीत २८ मिग्रॅ, डोस ५६ किंवा ८४. दोन नळ्यांमध्ये पाच मिनिटांचं अंतर. आधी दोन तास जेवण नाही, अर्धा तास पाणी नाही. पहिले चार आठवडे आठवड्यातून दोनदा, पुढचे चार एकदा. हे सगळं दवाखान्यातच, नंतर दोन तास बसवून.

शॉकबद्दल, म्हणजे ईसीटीबद्दल, विचारलं जातं. २०२३ च्या 'न्यू इंग्लंड जर्नल'मधल्या चाचणीत सायकोसिस नसलेल्या ३६५ पेशंटमध्ये केटामाइनला ५५.४ टक्के आणि ईसीटीला ४१.२ टक्के प्रतिसाद मिळाला. सायकोसिससह डिप्रेशन किंवा खाणंपिणं सोडलेला पेशंट असेल तर ईसीटीची जागा केटामाइनला देऊ नये.

आकडेमोड

मोजमापाचं एक राहिलं. डिप्रेशनची तीव्रता मोजणाऱ्या हॅमिल्टन किंवा माँटगोमेरी-आस्बर्ग श्रेणीत झोप आणि भूक हे प्रश्न आहेत. औषधानंतर चार तासांनी "रात्री झोप कशी लागली?" याला अर्थ नाही. त्या दिवशी हे दोन गुण आधीचे तसेच पुढे घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी नव्याने विचारायचे. नाहीतर संध्याकाळच्या गुणांतली घट खोटी ठरते.

समुपदेशक_सांगली

खूप काही कळलं. बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनसाठीही झटपट औषध आहे असं वाचलं होतं, ते हेच का? आणि मुख्य प्रश्न: स्पाइन दुसऱ्या दिवशी येतात आणि टिकवण्याचं काम करतात, तर समुपदेशन त्याच दिवसांत करायचं का?

तळटीप

ते वेगळं कुळ आहे. ब्रेक्सानोलोन (२०१९) शिरेतून सलग ६० तास द्यावं लागायचं. झुरानोलोन (२०२३) गोळीत: रोज संध्याकाळी ५० मिग्रॅ, १४ दिवस, स्निग्ध जेवणासोबत, आणि घेतल्यावर १२ तास गाडी नाही. दोन्ही गाबा-ए रिसेप्टरवर काम करतात. बाळंतपणानंतर शरीरातलं ॲलोप्रेग्नॅनोलोन हे संप्रेरक एकदम कोसळतं, त्याची भरपाई.

निशिगंध

मुख्य प्रश्नाचं उत्तर: हो, आणि त्याला माणसांतला आधारही आहे. पिट्सबर्गमध्ये १५४ पेशंटवर झालेली आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी बघा. केटामाइनचं एकच इन्फ्यूजन, आणि दुसऱ्या दिवसापासून चार दिवस, रोज अर्धा-पाऊण तास संगणकावरचा सराव. स्वतःबद्दलचे शब्द आणि चित्रं चांगल्या गोष्टींशी जोडण्याचा. केटामाइन आणि खरा सराव मिळालेल्यांत फायदा महिनाभर टिकला. नुसत्या केटामाइनचा फायदा एरवी आठवड्याच्या आसपास ओसरायला लागतो. झाराटे यांच्या २००६ च्या चाचणीत दुसऱ्या दिवशी ७१ टक्क्यांना प्रतिसाद होता, आठवडाभर टिकला तो ३५ टक्क्यांत.

वेळ बघा: सराव सुरू झाला २४ तासांनी, म्हणजे लिस्टन यांच्या उंदरांत जेव्हा स्पाइन उगवत होते तेव्हा. माणसात तसंच घडलं हे सिद्ध नाही, पण वेळापत्रक ठरवायला एवढं पुरे.

ओपीडी_सोमवार

आमच्या बाजूने व्यवहार असा. सोमवारी इन्फ्यूजन ठरलं तर मंगळवार ते शुक्रवारच्या बैठका आधीच बांधून घ्या. इन्फ्यूजन संपल्या संपल्या खोल समुपदेशन करू नका, त्या दोन तासांतलं पेशंटला नीट आठवत नाही. मंगळवारी सुरुवात छोट्या कामाने करा: आंघोळ, दुपारपर्यंत घराबाहेर वीस मिनिटं, एका माणसाला फोन. जुने आघात उकरायची ही वेळ नाही. नेहमीची गोळी चालू असेल तर चालूच राहते, नसेल तर याच आठवड्यात सुरू होते, म्हणजे केटामाइन उतरेपर्यंत तिला वेळ मिळतो.

घरच्यांना दोन गोष्टी स्पष्ट सांगा. पाचव्या-सहाव्या दिवशी मन पुन्हा खाली आलं तर उपचार फसला असं नाही, तो अपेक्षित उतार आहे आणि पुढचा डोस त्यासाठीच आखलेला असतो. दुसरं, आधी बरं वाटून मग खाली येणं हा काळ जपण्याचा असतो. त्या दिवसांत पेशंट एकटा राहणार नाही, साठवलेल्या गोळ्या आणि शेतीची औषधं कुलपात राहतील, आणि रात्री-अपरात्री गरज पडली तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक फोनमध्ये आधीच भरलेला असेल, हे रविवारीच बघून घ्यायचं.